निर्वासितांच्या वसाहतीतील घर : वाटपपत्रापासून मिळकतपत्रिकेपर्यंत

फाळणीच्या वणव्यातून निघून महाराष्ट्रात स्थिरावलेल्या कुटुंबांतील तिसऱ्या पिढीच्या वाचकांकडून आमच्याकडे जी पत्रे येतात, त्यांची गावे निरनिराळी असतात. कोणी उल्हासनगरातून लिहितो, कोणी पिंपरी कॅम्पातून, कोणी नागपूरच्या जरीपटक्यातून, तर कोणी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून. प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : ‘आजोबांना हे घर सरकारने दिले, सत्तर वर्षे आम्ही येथे नांदतो, घरपट्टी नेमाने भरतो, असे असता मिळकतपत्रिकेवर आमचे नाव का नाही, आणि बँक या घरावर कर्ज द्यावयास का कचरते?’ इमारत पुनर्विकासास निघते, बहीण हिश्शाचा विषय काढते किंवा महसूल खात्याकडून शर्तभंगाची नोटीस येते, तेव्हा हा प्रश्न प्रथमच निकडीचा होतो, आणि तोपर्यंत ज्यांना सारे ठाऊक होते ती माणसे पुष्कळदा राहिलेली नसतात.

या सर्वांना प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण येथे किती वर्षे राहिलात यावरून हक्क ठरत नाही. वाटपाच्या पहिल्या हुकमापासून आजच्या वारसापर्यंत कागदांची जी साखळी पोहोचते, तिच्यावरून तो ठरतो. ही साखळी बहुतेक घरांत एखाद्या ठिकाणी तुटलेली असते. ती कोठे तुटली हे शोधून तेवढीच कडी जोडणे हे आपले काम, आणि प्रस्तुत लेखाचा हेतूही तेवढाच आहे.

हा हक्क आला कोठून

सिंध, पंजाब आणि सरहद्द प्रांतात घरेदारे टाकून आलेल्यांना प्रथम आसरा मिळाला तो बहुतांशी लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत. कल्याणजवळच्या युद्धकालीन छावणीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे महायुद्धाच्या काळात जेथे पोलंडचे निर्वासित राहत होते, तेथे पुढे सिंधी कुटुंबे येऊन गांधीनगर वसले. निवारा मिळाला तरी मालकी मिळाली नव्हती. तिच्यासाठी प्रथम पाकिस्तानात राहिलेल्या मिळकतीचा दावा, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेला ‘क्लेम’, १९५० च्या कायद्याखाली नोंदवून त्याची रुजुवात करून घ्यावी लागे, आणि मग विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियम, १९५४ अन्वये ठरलेली भरपाई रोख, रोख्यांच्या रूपाने, किंवा वाटप झालेल्या मिळकतीच्या किमतीत वळती करून मिळे. ज्यांचा दावा नव्हता किंवा अपुरा पडला, त्यांनी उरलेली किंमत हप्त्यांनी भरावयाची होती.

भरपाईच्या या निधीत, पाकिस्तानात निघून गेलेल्यांनी येथे सोडलेल्या मिळकतीही होत्या. एका कुटुंबाचे उद्ध्वस्त झालेले घर दुसऱ्या कुटुंबाच्या वाट्यास भरपाई म्हणून आले, ही या कायद्यातील करुण वस्तुस्थिती विसरता येण्याजोगी नाही.

१९५० व १९५४ चे हे कायदे संसदेने २००५ साली निरसित केले. त्यामुळे नवा दावा आता दाखल होऊ शकत नाही. परंतु निरसनापूर्वी जो हक्क प्राप्त झाला तो साधारण खंड अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे शाबूत राहतो. ‘कायदाच रद्द झाला, आता तुमचे काही उरले नाही’ असे कोणी सांगितल्यास आपण घाबरू नये. ‘अजूनही नवा क्लेम मंजूर करून देतो’ असे कोणी सांगितल्यास त्याच्या हाती पैसे देऊ नयेत.

प्रथम हातातील कागद ओळखा

प्रत्येक कागदाचे वजन वेगळे असते. आपल्याकडील कागद पुढील यादीत कोठे बसतो ते पाहावे.

- वाटपपत्र : जागा राहण्यास दिल्याचा हुकूम. ताबा कायदेशीर रीतीने सुरू झाल्याचा हा भक्कम पुरावा होय; मालकीचा दस्तऐवज मात्र नव्हे.
- भाडेपट्टा : ठराविक मुदतीपुरता व अटींसह दिलेला हक्क. मुदत केव्हा संपते, नूतनीकरणाची तरतूद आहे काय आणि हस्तांतरणास पूर्वपरवानगी लागते काय, या तीन गोष्टी प्रथम वाचाव्यात.
- सनद किंवा अभिहस्तांतरणपत्र : किंमत पूर्ण फिटल्यानंतर शासनाने मिळकत नावावर करून दिल्याचा दस्तऐवज. साखळीतील ही मुख्य कडी.
- नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र : मूळ सनदधारकाकडून हक्क पुढे कसा आला हे दाखविणारे दस्तऐवज.
- कुलमुखत्यारपत्र, साठेखत, मुद्रांक कागदावरील करार : केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने स्थावर मिळकतीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.
- घरपट्टी, वीजदेयक, शिधापत्रिका : वास्तव्याचे पुरावे. पूरक म्हणून मोलाचे असले तरी त्यांवर मालकी उभी राहत नाही.

पेटीतील एक कागद, जवळून

समजा, आजीच्या लोखंडी पेटीत पिवळा पडलेला, इंग्रजीत टंकलिखित असा एक कागद आपणांस सापडला. त्याच्या समासात कोणीतरी सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे, दोन ओळी लिहिल्या आहेत. खाली रबरी शिक्का अर्धवट उमटला आहे. हा कागद घाईने वकिलाच्या हाती देण्यापूर्वी त्यावरील चार गोष्टी स्वतः उतरवून घ्याव्यात.

पहिली, क्रमांक. जुन्या कागदावर बॅरक व खोलीचा क्रमांक असतो, उल्हासनगरच्या पुढील कागदांवर शीट नंबर आणि यू नंबर येतो, तर आजच्या मिळकतपत्रिकेवर नगर भूमापन क्रमांक असतो. ही तिन्ही नावे एकाच जागेची आहेत हे कोठेतरी अधिकृतपणे नोंदलेले असावे लागते. तसे नसेल तर साखळी येथेच तुटली असे समजावे.

दुसरी, क्षेत्रफळ. जुना आकडा चौरस वारात, नवा चौरस मीटरात असतो. १०० चौरस वार म्हणजे सुमारे ८३.६ चौरस मीटर. तेव्हा आकडा लहान दिसला म्हणून जागा कमी झाली असे नसते. रूपांतरानंतरही फरक उरला तर मात्र मोजणी करून घेतली पाहिजे.

तिसरी, नाव. एकाच माणसाचे नाव क्लेमच्या कागदावर एका वर्णलेखनाने, सनदेवर दुसऱ्याने आणि मृत्युदाखल्यावर तिसऱ्याने आढळते, कारण सिंधी नाव इंग्रजीत आणि तेथून मराठीत येताना प्रत्येक कारकुनाने ते आपल्या कानाप्रमाणे लिहिले. लग्नानंतर मुलीचे नावच बदलण्याचा प्रघात असल्याने लेकींच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. याकरिता ‘या नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र, जोडीला शाळेचा व विवाहाचा दाखला, असा संच आताच तयार करून ठेवावा.

चौथी, अटी. ‘परवानगीशिवाय हस्तांतरण करू नये’ किंवा ‘केवळ निवासासाठी’ असे एक वाक्य बारीक अक्षरात असते, आणि पुढे शर्तभंगाचे प्रकरण उभे राहते ते त्याच वाक्यावर.

नोंदी जुळविण्याचा क्रम

1. घरातील सर्व कागद एकत्र करून तारखेच्या क्रमाने त्यांची यादी करावी. मूळ प्रती कोणाच्याही हवाली करू नयेत. छायाप्रती द्याव्यात आणि पोच घ्यावी.
2. नगर भूमापन कार्यालयातून मिळकतपत्रिकेचा उतारा घ्यावा. जेथे सातबारा चालू आहे तेथे तलाठ्याकडून सातबारा आणि आजवरचे सर्व फेरफार घ्यावेत. सत्ताप्रकार, धारकाचे नाव आणि ‘शासन’ असा उल्लेख आहे काय, हे काळजीपूर्वक पाहावे.
3. वाटपाची मूळ नस्ती शोधावी. पुनर्वसन खात्याचे जुने दफ्तर सामान्यतः जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे आलेले असते. उल्हासनगरात सनदांचे काम उपविभागीय अधिकाऱ्यांकडे चालते. वाटपपत्र, भरलेल्या हप्त्यांचा हिशेब व सनदेची स्थळप्रत या तिन्हींच्या प्रमाणित नकला मागाव्यात.
4. नक्कल मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. उत्तराची सामान्य मुदत ३० दिवसांची आहे. ते न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. ‘अभिलेख आढळत नाही’ हे उत्तरही लेखी घ्यावे, कारण दुय्यम पुरावा सादर करताना तेच उपयोगी पडते.
5. दुय्यम निबंधकाकडे शोध घ्यावा. मधल्या काळात मिळकत गहाण पडली, विकली गेली किंवा बक्षीस दिली गेली काय, ते तेथे कळते.
6. जागेवरची स्थिती नकाशाशी ताडावी. बॅरकच्या पुढच्या अंगणात वाढविलेली खोली वाटपाच्या क्षेत्रात बसते की बाहेर जाते, हे मोजणीवाचून समजत नाही.

आपला मार्ग कोणता

सनद आहे, पण मिळकतपत्रिकेवर नाव नाही. हा सर्वांत सोपा प्रकार. सनदेची प्रमाणित प्रत, मृत्युदाखले व वारसांचा तपशील जोडून फेरफारासाठी अर्ज करावा. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यावी असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, मात्र अर्ज आणखी लांबणीवर टाकण्यास तेवढे निमित्त पुरेसे समजू नये.

वाटप झाले, हप्ते भरले, सनद निघाली नाही. शेवटचा हप्ता भरल्याची पावती सापडल्यास अर्धे काम झाले. ती नसेल तर हिशेबाच्या नोंदवहीचा उतारा मागावा. बाकी निघालीच तर ती कोणत्या हुकमान्वये व कोणत्या दराने काढली, हे लेखी मिळाल्यावाचून रक्कम भरू नये.

भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे किंवा मिळकत भोगवटादार वर्ग-२ मध्ये, म्हणजे हस्तांतरणावर शासनाची बंधने असलेल्या प्रकारात, आहे. अशा जमिनी विशिष्ट रक्कम भरून वर्ग-१ मध्ये आणण्याची सोय संहितेच्या कलम २९-अ आणि २०१९ च्या नियमांनी केली आहे. सिंधी विस्थापितांच्या वसाहतींसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये विशेष अभय योजनाही जाहीर केली. परंतु कोणती योजना कोणत्या वसाहतीस लागू, दर काय आणि मुदत कोणती, हे मध्यस्थाच्या तोंडून ऐकू नये. शासन निर्णयाची मूळ प्रत मिळवून तीत आपल्या वसाहतीचे नाव व जागेचा प्रकार स्वतः पाहावा. दोन मार्ग खुले असतील तर दोहोंचा खर्च लेखी मांडून मगच एकाची निवड करावी.

मूळ वाटपदाराकडून कुलमुखत्यारपत्रावर घेतलेले घर. वाटपदार किंवा त्याचे वारस हयात असतील तर त्यांच्याकडून रीतसर नोंदणीकृत खरेदीखत करून घेणे हाच सुरक्षित मार्ग. जमीन शर्तीची असेल तर त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व देय असल्यास नजराणा, हा क्रम पाळावा. कुलमुखत्यारपत्र देणारा वारला असेल तर त्यावर पुढे दस्तऐवज करू नये. अपवाद फार थोडे असून ते वकिलानेच ठरवावेत.

हाती काहीच कागद नाही. तरीही निराश होऊ नये. मतदार याद्या, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, शाळेचे दाखले, शेजाऱ्यांचे वाटपपत्र आणि त्यातील चतुःसीमा यांवरून मूळ नस्तीपर्यंत पोहोचता येते. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून सादर झाल्यास तो खरा असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येते, म्हणून जीर्ण कागद फेकू नये, चिकटपट्टीने जोडू नये आणि त्यावर नव्याने काही लिहूही नये.

वारस आणि लेकी

सर्वांत अधिक मने दुखावतात ती येथे. वाटप कुटुंबप्रमुखाच्या नावे झाले असता पुढे ती जागा आपोआप मुलांचीच, अशी समजूत रूढ आहे. ती चुकीची आहे. मिळकत वाटपदाराची स्वतःची असेल आणि तो १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारला असेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली व हयात असल्यास आई हे सर्व एकत्र वारस होतात. सिंधमधील एकत्र कुटुंबाच्या मिळकतीच्या बदल्यात वाटप झाले होते असा कोणाचा दावा असेल, तर क्लेमचा मूळ कागद निर्णायक ठरू शकतो. आणि तशा मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाच्या बरोबरीचे स्थान दिले आहे.

म्हणून वारसनोंद करताना लेकींची नावे गाळू नयेत. बहिणीस आपला हिस्सा सोडावयाचा असेल तर तिने तो समजून उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. स्वयंपाकघरात घेतलेल्या कोऱ्या कागदावरील सहीला अर्थ नाही, आणि ती मागणे न्यायाचेही नाही. ज्या स्त्रियांनी रांगेत उभे राहून या घरांचे हप्ते भरले, त्यांच्या मुलींना त्या घराच्या कागदावरून पुसून टाकणे हे दुसरे विस्थापनच होय.

जेथे पाय घसरतो

- ‘बारा वर्षे झाली, घर आपले झाले.’ शासनाच्या जमिनीबाबत मुदत ३० वर्षांची आहे, आणि जो ताबा परवानगीने सुरू झाला तो केवळ काळ लोटल्याने प्रतिकूल ठरत नाही.
- फेरफार म्हणजे मालकी. महसुली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण तिने स्वतः मालकी निर्माण होत नाही.
- जागा नियमित व बांधकाम नियमित या दोन गोष्टी एकच समजणे. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामांसाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. बांधकाम नियमित झाले म्हणून जमिनीचा हक्क सुधारत नाही, आणि सनद आहे म्हणून वरचा मजला अधिकृत होत नाही.
- निष्क्रांत मिळकत (फाळणीत पाकिस्तानात गेलेल्यांनी येथे सोडलेली) व शत्रू मिळकत यांतील घोटाळा. १९६५ व १९७१ च्या युद्धांनंतर शत्रू मिळकत म्हणून जी स्थावर मिळकत सरकारी अभिरक्षकाकडे गेली, तिला १९६८ चा वेगळा कायदा लागू आहे. २०१७ च्या दुरुस्तीने तो अत्यंत कडक झाला असून तशा मिळकतीचे खाजगी हस्तांतरण टिकत नाही. जुन्या वस्तीतील घर विकत घेण्यापूर्वी ते शत्रू मिळकतींच्या यादीत नाही याची खात्री करावी. या अभिरक्षकाचे कार्यालय मुंबईतही आहे.
- पुनर्विकासाच्या घाईत सही. विकासकाच्या करारात आपला उल्लेख ‘मालक’, ‘पट्टेदार’ की ‘भोगवटादार’ असा आहे ते पाहावे, कारण नव्या इमारतीतील हक्क त्या एका शब्दावरून ठरतो.

नोटीस आली तर

नोटीस स्वीकारावी, पाकिटावरील तारीख जपावी, आणि दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. तोंडी समजूत घालून परत येऊ नये. नोटिशीत ज्या कागदांचा आधार घेतला असेल त्यांच्या नकला मागण्याचा, आपली बाजू मांडण्याचा आणि कारणांसह लेखी हुकूम मिळण्याचा आपणांस हक्क आहे. हुकूम विरुद्ध गेल्यास जमीन महसूल संहितेखाली अपील करता येते. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकमावर अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो; याचा संकोच बाळगू नये.

या आठवड्यात एवढे तरी करा

कार्यालयांच्या पायऱ्या पुढे चढाव्याच लागतील, पण एक काम असे आहे की जे कोणत्याही दफ्तरात होऊ शकत नाही. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे, आणि पहिली बॅरक कोणती होती, खोली कोणत्या साली बदलली, शेजारी कोण राहत असे, हप्ते कोण आणि कोठे नेऊन भरत असे, अमुक काकांचा क्लेम आपल्या क्लेमबरोबर जोडला होता काय, हे सर्व विचारून तारखेसह लिहून घ्यावे, आणि शक्य झाल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. पुष्कळशा नस्ती याच आठवणींच्या धाग्याने सापडतात, कारण दफ्तरदाराला क्रमांक हवा असतो, आणि तो क्रमांक कित्येकदा केवळ एखाद्या आजीलाच आठवत असतो.

ज्या पिढीने हैदराबाद-सिंध किंवा शिकारपूरहून निघताना दागिने मागे ठेवले पण मिळकतीचा कागद पदराशी बांधून आणला, तिला कागदाचे मोल कोणी शिकवावे लागले नव्हते. त्या कागदाच्या बळावरच येथील भिंती उभ्या राहिल्या आहेत. आपल्या पेटीतील वाटपपत्राला पुढची कडी जोडून ते आपल्या लेकरांच्या हाती पूर्ण साखळीनिशी सोपवावे, एवढीच आपणांस कळकळीची विनंती आहे.